बी दोन घरी

मुंजाजीच्या हातात कुणी बियाची मूठ ठेवली की तो ती आधी कानाजवळ नेऊन खुळखुळवायचा. मग एक दाणा दाताखाली धरायचा. कट्ट वाजला तर बी वाळलेलं, ते आत. दबला तर अजून ओल आहे, ते परत उन्हात. मानवतच्या मोंढ्यामागं, म्हणजे धान्यबाजाराच्या पाठीशी, बीजोत्पादक शेतकऱ्यांच्या संघाचं पत्र्याचं गोदाम होतं, तिथं सव्वीस वर्षं त्यानं हेच केलं. मध्ये संघानं ओल मोजायचं यंत्र आणलं, तेव्हा मॅनेजर दिनकररावांनी मुद्दाम दोघांची शर्यत लावली. यंत्र म्हणालं बारा टक्के. मुंजाजी म्हणाला, "बाराला जरा कमी धरा साहेब, हे कडंचं पोतं हाय, उन्हाच्या अंगचं." पोतं खरंच कडेचं निघालं. त्या दिवसापासून यंत्र कपाटात गेलं.

अशा माणसाच्या गळ्यात पुढं संघाचा कॉम्प्युटर पडला. नवल वाटायचं ते पदवीधरांना वाटलं, मला वाटत नाही. संघानं दोन बीकॉम झालेले कारकून औरंगाबादला शिकायला पाठवले होते. दोघं शिकून आले, सहा महिने टाय लावून बसले आणि जास्त पगाराच्या गावाला निघून गेले. मागं उरला मॅट्रिक झालेला मुंजाजी. अक्षर मोत्यासारखं, आणि रोज निघताना कुलूप तीनदा ओढून पाहायची सवय. दिनकरराव म्हणाले, "कॉम्प्युटर म्हणजे काय, गोदामच की. तुम्हीच सांभाळा." दिनकरराव आयुष्यात फार थोड्या वेळा बरोबर बोलले, त्यातली ही एक.

हे एक्याण्णव सालचं. संघाचे दोनशे चौदा शेतकरी ज्वारीचं बियाणं पिकवत होते. आता ज्वारी आणि ज्वारीचं बियाणं, दिसायला दोन्ही सारखंच. फरक असतो कागदाचा. प्लॉट कुणाचा, शेजारच्या ज्वारीपासून किती लांब, भेसळीची ताटं उपटली की नाही, संघाचा निरीक्षक कोणत्या तारखेला रानात चालून गेला, ही सगळी नोंद जुळली तरच सरकारी अधिकारी पोत्याला टॅग लावू देतो. टॅग लागला तर ते बियाणं. नाही लागला तर वर्षभर राखलेलं, निवडलेलं, जपलेलं ते पीक मोंढ्यात भाकरीच्या ज्वारीत ओतायचं. ही नोंद आधी जाडजूड वह्यांत असायची, ती आता कॉम्प्युटरात जाणार होती. चार टेबलांवर चार पडदे, आणि कोपऱ्यात त्या सगळ्यांची नोंद पोटात ठेवणारी एक मोठी पेटी. तिला सर्व्हर म्हणत.

पेटी बसवायला औरंगाबादहून सुमंगलाबाई आल्या होत्या. इंजिनिअर, वय सत्तावीस-अठ्ठावीस, बोलणं स्पष्ट. त्यांनी संचालकांच्या बैठकीत सांगितलं की पेटीत एक डिस्क आहे, तशीच आणखी एक घ्या.

चेअरमन व्यंकटराव खुर्चीत सरसावले. "बाई, या एका डिस्कंत एका बैलजोडीचे पैसे गेले. आता दुसरी कामून?"

"एक बंद पडली तर काम अडू नये म्हणून. एकीवर लिहिलं की तेच त्याच क्षणी दुसरीवर लिहिलं जातं. जोडीच म्हणा."

"म्हंजे एकच गोष्ट दोनदा लिवायची?" एक संचालक म्हणाला. "मंग आजपून एका गणपतीला दोन निवद दाखवा!"

सगळे हसले. सुमंगलाबाईंचा चेहरा उतरला. मुंजाजी दाराशी किल्ल्यांचा जुडगा घेऊन उभा होता. बैठकीत बोलायची त्याची पायरी नव्हती, आणि सव्वीस वर्षांत तो कधी बोललाही नव्हता. पण हा विषय पडला बियाचा.

"साहेब," तो म्हणाला, "बी एका घरी ठिवत नसत्यात."

हसणं तिथंच थांबलं, कारण प्रत्येकाला आपापली आई आठवली.

मुंजाजीची आई कडूबाई. खळ्यावर मळणी सुरू व्हायच्या आधी ती ताटाताटानं हिंडून टपोरी कणसं वेगळी काढायची. ती हातानं चोळायची, राख लावायची आणि लिंबाचा पाला घालून गाडग्यांत भरायची. त्यातली अर्धी गाडगी घरच्या उतरंडीत, एकावर एक. उरलेलं अर्धं बी चारठाण्याला, थोरल्या बहिणीच्या म्हणजे सुलाबाईच्या घरी. आणि सुलाबाईचं अर्धं इकडं. मुंजाजीनं लहानपणी विचारलं होतं, की हे ओझं उगाच इकडून तिकडं कशाला? कडूबाईनं बोटं मोजली होती. "आगीपाई, पान्यापाई, उंद्रापाई. आन चौथं म्हंजे घरातल्या भुकेपाई." बहात्तरच्या दुष्काळात ते चौथं खरं झालं. घरातल्या लेकरांनी बियाची ज्वारी खाल्ली, आणि पुढच्या पेरणीला चारठाण्याचं गाडगं कामाला आलं.

दुसरी डिस्क मंजूर झाली. बाहेर आल्यावर सुमंगलाबाई म्हणाल्या, "मुंजाजी, मी जे दोन वर्षं शिकले ते तुम्ही एका वाक्यात सांगितलंत." मुंजाजी लाजला. पन्नाशीला आलेला मिशावाला माणूस लाजला की फार गोड दिसतो.

तीन दिवस बाईंनी त्याला शिकवलं. तो शिकला, आणि आपल्या पद्धतीनं शिकला. दोन डिस्कांची नावं त्यानं थोरली आणि धाकटी ठेवली. दोन्ही वीतभर लांब, काळ्या, एका माळेच्या मण्यांसारख्या. म्हणून डिंकानं चिठ्ठ्या चिकटवल्या, एकीवर "थो", दुसरीवर "धा". जाताना बाईंनी एक गोष्ट मात्र दोनदा सांगितली.

"ही जोडी यंत्र बिघडलं तर तारील. पण चूक तुमच्या हातून झाली, तर तीच चूक दोन्हीकडं इमानदारीनं लिहील. म्हणून आठवड्याला सगळ्याची नक्कल फ्लॉप्यांवर घ्यायची आणि ती दुसऱ्या गावी ठेवायची. आणि सर्व्हरच्या पडद्यावर रोज एकदा नजर टाकायची. जोडी फुटली तर तो तिथं लिहून सांगतो."

दुसरं गाव कोणतं हे मुंजाजीला विचारायची गरजच नव्हती. दर शनिवारी दुपारी तो बारा फ्लॉप्या पत्र्याच्या डब्यात घालून सेलूची एसटी धरायचा. सेलूला गाडी बदलून चारठाणा. सुलामावशी म्हातारी आणि एकटी, घर जुन्या देवळामागं. ती डबा उतरंडीत तिसऱ्या गाडग्यात ठेवायची आणि मागल्या शनिवारचा डबा परत द्यायची. मग पिठलं-भाकरी. "ह्यात काय हाय रं?" तिनं पहिल्यांदा विचारलं होतं. "बी हाय, मावशी," तो म्हणाला. तेवढं तिला पुरलं.

एवढ्यावरच थांबेल तर तो मुंजाजी कसला. बियाणं वाटपाच्या दिवशी जो शेतकरी यायचा त्याला तो बजावायचा. निरीक्षक रंगनाथ प्लॉट पाहून गेला की पावतीची कार्बनची गुलाबी प्रत शेतकऱ्याला देत असे. "हा गुलाबी कागद फेकू नगा," मुंजाजी सांगायचा. "बियाच्या गाडग्यात ठिवा. बी दोन घरी असावं लागतंय." लोक मान हलवायचे. किती जण ऐकतात हे त्याला ठाऊक नव्हतं. रामपुरीची बायनाबाई, नवरा गेल्यावर एकटीनं तीन एकर प्लॉट करणारी, तिनं तर उलट विचारलं होतं, "तुज्या मशीनवर तुजाच भरोसा न्हाई का रं?"

पहिलं वर्ष असं गेलं. धाकटी एकदा खरंच अडखळली, तेव्हा थोरलीनं एकटीनं दिवस ढकलला, आणि बाहेर टेबलांवर नोंदी भरणाऱ्या पोरींना पत्ताही लागला नाही. मुंजाजीनं पडदा पाहिला, डिस्क नीट बसवली, जोडी पुन्हा जुळली. त्या दिवशी त्यानं घरी जाताना पेढे नेले.

आणि इथंच घोडं पेंड खायला लागलं. माणूस सावध असतो तोवर गरीब असतो; एकदा त्याला आपल्या सावधपणाचा अभिमान चढला, की त्याच्या डोळ्यांवर झापड येते. दुसऱ्या वर्षीच्या आखाडात पावसानं चारठाण्याची वाट चिखलाची झाली. एक शनिवार चुकला. मग दुसरा. बारा फ्लॉप्या भरायच्या म्हणजे अख्खी सकाळ जाते, आणि एवढं करून कधी लागल्या का त्या? "दोन हायत की," मुंजाजी स्वतःला म्हणाला. ज्या माणसानं सगळ्या तालुक्याला दोन घरं शिकवली, त्यानं दोन डिस्का एकाच पेटीत, एकाच खोलीत, एकाच पत्र्याखाली असतात हे खुशाल विसरावं, याचा मला आजही राग येतो. पण त्याच्यावर राग फार वेळ टिकतही नाही.

पोळ्याच्या दिवशी व्यंकटरावांची बैलजोडी शिंगं रंगवून संघाच्या दारात आली. पूजेला जागा व्हावी म्हणून टेबलं सरकवली, त्यात पेटीचं टेबलही ओढलं गेलं. आत धाकटीच्या तारेचं टोक सैल झालं. जोडी फुटली. सर्व्हरनं लगेच पडद्यावर तसं लिहिलं आणि ते लिहिलेलं तो पुढचे चाळीस दिवस दाखवत राहिला. पण पाहणार कोण? त्या पडद्यावर धूळ बसू नये म्हणून मुंजाजीच्या बायकोनं, कमलबाईनं, फुलाफुलांचं झालर लावलेलं कव्हर शिवून दिलं होतं. इतकं सुरेख की ते काढवत नसे. बिचारीनं मायेनं शिवलं होतं हो.

त्या चाळीस दिवसांत ज्वारी फुलोऱ्यात आली, रंगनाथ रोज रानोमाळ चालला, आणि दोनशे चौदा प्लॉटच्या पुढच्या दोन-दोन पाहण्या कॉम्प्युटरात गेल्या. गेल्या त्या फक्त थोरलीवर. नवरात्र बसायच्या आधी साफसफाई निघाली, तेव्हा दिनकररावांनी कागदी पावत्यांचे गठ्ठे रद्दीत दिले. "सगळं आत आहे, आणि तेही दोनदा," ते म्हणाले. मुंजाजीनं अभिमानानं मान डोलावली.

खंडेनवमीला संघात सगळ्या हत्यारांची पूजा व्हायची. वजनकाटा, पोती शिवायची यंत्रं, बियाचा नमुना काढायची परखी, रंगनाथची मोटारसायकल. त्या दिवशी सर्व्हरही बंद केला. व्यंकटराव म्हणाले, "आरं, नुसत्या पेटीला काय फूल वाहायलास? पूजा आतल्या देवाची असती." झालं. मुंजाजीनं पेटी उघडली, दोन्ही डिस्का बाहेर काढल्या आणि मऊ फडक्यानं लखलखीत पुसल्या. इतक्या मनापासून पुसल्या की वर्षाची धूळ निघाली, डिंक निघाला आणि "थो" आणि "धा"ही निघाले. दोघींना पाटावर मांडलं, कडेला हळदीकुंकू, वर झेंडू, बाजूला ज्वारीचं कणीस. पूजा फार देखणी झाली होती, हे कबूल केलं पाहिजे.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मुंजाजीनं दोघी परत बसवल्या. तारा घट्ट दाबल्या. त्यामुळं धाकटीही जिवंत झाली. पेटी सुरू झाली आणि पडदा थांबला. कव्हर आज काढलेलं होतं. पडद्यावर इंग्रजीत लिहिलं होतं ते मुंजाजीनं बोट ठेवून वाचलं: दोन्ही डिस्का जुळत नाहीत. एक की दोन, कोणती खरी धरून दुसरीवर उतरवू?

टेबल ओढलं होतं पोळ्याला, आणि तेव्हापासून त्यानं कव्हर उचललंच नव्हतं. चाळीस दिवसांचं सगळं एका क्षणात त्याच्या ध्यानात आलं. एक डिस्क ताजी होती, एक पोळ्यापाशी थांबलेली. ताजी कोणती, हे त्याला ठाऊक नव्हतं.

दिनकरराव मागं उभे होते. बाहेर पोरी आपापल्या टेबलांवर खोळंबल्या होत्या. "काय झालं, मुंजाजी?"

"काई न्हाई. इचारायलाय कोनची धरू म्हनून."

"मग सांगा की. तुम्हीच बसवल्यात, तुम्हालाच माहीत."

आता नुसतं एवढंच म्हणायचं होतं: मला ठावं न्हाई. कुणी त्याला फाशी दिलं नसतं. पण झाकली मूठ सव्वा लाखाची. चाळीस दिवस कव्हर उचललं नाही, चिठ्ठ्या आपल्याच हातानं पुसल्या, हे त्या पोरींसमोर कसं सांगायचं? ज्यानं बैठकीत संचालकांना गप्प केलं तो माणूस हे कसं सांगेल? मुंजाजीनं दोन्ही डिस्कांना हात लावून पाहिला, जशी मूठ कानाशी न्यावी तसा कान लावला. दोघी सारख्याच घुमत होत्या. डावीकडची त्याला ताजी वाटली. त्यानं एकचा आकडा दाबला.

पाऊण तास पेटी कुरकुरत राहिली. मग पडदा स्वच्छ झाला, जोडी जुळली. मुंजाजीनं पहिलं काम केलं ते बायनाबाईचा प्लॉट उघडून बघायचं, कारण तिच्या तिन्ही पाहण्या त्यानं स्वतः भरल्या होत्या. एक होती. पुढच्या दोन्ही नव्हत्या. त्यानं दुसरा प्लॉट उघडला, तिसरा, दहावा. सगळे पोळ्यापाशी थांबलेले. जुनीनं नवीला गिळलं होतं, आणि आता दोघी इमानदारीनं एकच सांगत होत्या.

मुंजाजीचा एक गुण सांगायचा राहिला. तो चुकायला वेळ लावायचा, पण कबूल करायला लावत नसे. तो तसाच उठला आणि व्यंकटरावांच्या खोलीत गेला.

"साहेब, चाळीस दिवसाचं सगळं गेलं. कोनची धरायची ते मला ठावं नव्हतं. तरी बी दाबलं."

सरकारी अधिकारी बारा दिवसांनी येणार होता, हे दोघांनाही पाठ होतं. "मंग तवाच म्हनायचं व्हतं की, मुंजाजी," व्यंकटराव म्हणाले. ओरडले असते तर बरं झालं असतं.

मोंढ्यातल्या एसटीडी बूथवरून त्यानं औरंगाबादला सुमंगलाबाईंना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. जे पुसलं गेलं ते परत येणार नाही, म्हणाल्या. मग हळूच म्हणाल्या, "अहो, दाबायच्या आधी एकेक वेगळी लावून उघडून बघायची. ताजी कोणती ते लगेच कळलं असतं."

"बाई," मुंजाजी म्हणाला, "बी पेरायच्या आधी शंभर दाने भिजवून उगवन बगतूय मी. सव्वीस वर्सं बगतूय. त्याच दिवशी कसं न्हाई बगितलं?"



संध्याकाळी कडूबाई ओसरीवर बसली होती. पंच्याहत्तरी उलटलेली, पण कान तिखट. लेकाचं सगळं ऐकून तिनं एवढंच विचारलं, "आखाडापून सुलाकडं डबा न्हेला न्हाईस ना तू?"

"न्हाई."

"मंग मशीनला कामून बोलायलास?"

दुसऱ्या दिवशी सकाळीच मुंजाजी आणि रंगनाथ रद्दीच्या मागावर निघाले. पावत्या रद्दीवाल्याकडून मोंढ्यातल्या दुकानांत गेल्या होत्या. आश्रुबाच्या भज्याच्या गाड्यावर सात सापडल्या. तेलानं पारदर्शक झालेल्या, एकीवर चटणी. तिसरीवरची तारीख मुंजाजीनं उन्हाला धरून वाचली. बाकीच्या पावत्या लोकांच्या भज्यांबरोबर गेल्या. दोनशे चौदा प्लॉट, प्रत्येकाच्या दोन पाहण्या आणि हातात सात तेलकट कागद.

"आता?" रंगनाथ म्हणाला.

"आता गुलाबी," मुंजाजी म्हणाला. "पर कुनी ठिवलं असंल का?"

मोटारसायकलवर दोघं आधी रामपुरीला गेले. वाटेतल्या पहिल्या घरी शेतकऱ्यानं डोकं खाजवलं. पोरानं त्या कागदाचं विमान केलं होतं. बायनाबाईच्या अंगणात तो गेला खरा, पण मागायचं धाडस होईना. तिचं सगळं साल त्यानं एका बोटानं पुसलं होतं. शेवटी तो म्हणाला, "मावशी, तुज्या पाहनीचं माज्या हातून गेलं. माजी चूक हाय. तुज्याकडं काई..."

बायनाबाईनं त्याला पुढं बोलू दिलं नाही. ती उठून आत गेली. उतरंडीची वरची दोन गाडगी तिनं उतरवून खाली ठेवली. तिसऱ्यात हात घातला, लिंबाचा सुकलेला पाला बाजूला केला आणि चिंधीत गुंडाळलेले दोन गुलाबी कागद बाहेर काढले. चौघडी केलेले, राखेचा वास येणारे, शाई जशीच्या तशी.

"तूच म्हनला व्हतास ना, बी दोन घरी असावं म्हनून," ती म्हणाली. "मंग रडायलास कामून?"

मुंजाजी खरंच रडत होता. आणि ते त्यानं लपवलंही नाही.

मग पुढचे नऊ दिवस तो घरी जेवला नाही. जिथं एसटी तिथं एसटी, जिथं रस्ता नाही तिथं पायी. एक दिवस परभणीत विद्यापीठाच्या नामांतराचा मोर्चा होता, गाड्या बंद, तेव्हा तो तीन गावं सायकलवर हिंडला. सगळ्यात लांबचे चार प्लॉट पार पूर्णेच्या पुढं चुडाव्याला होते. तिथं तो पॅसेंजरनं गेला, आणि गाडीची वाट बघत स्टेशनावरच्या बाकावर बसून त्यानं आधीच्या पावत्या गावानुसार लावल्या. कागद निघाले ते कुठून कुठून निघाले. बहुतेक गाडग्यांतून. काही देवाच्या फोटोमागून, काही पोथीतून, एक लुगड्याच्या घडीतून, एक तर नवरीच्या रुखवताच्या पेटीतून. एका म्हाताऱ्यानं कागद द्यायच्या आधी मुंजाजीच्या सहीची चिठ्ठी मागून घेतली आणि ती चिठ्ठी त्याच गाडग्यात ठेवली. मुंजाजीला त्याच्या पाया पडावंसं वाटलं.

दोनशे चौदापैकी दोनशे नऊ जणांचे कागद मिळाले. राहिलेल्या पाच रानांत ज्वारी अजून उभी होती, ती रंगनाथनं पुन्हा चालून पाहिली. टेबलांवरच्या चार पोरींनी दोन दिवसांत सगळं भरलं. भरताना मुंजाजी प्रत्येकीच्या मागं उभा होता, आणि सर्व्हरच्या पडद्यावर कव्हर नव्हतं. कमलबाईनं ते स्वतःच येऊन नेलं होतं, आणि त्याची उशीची खोळ केली होती.

अधिकारी आला. त्यानं नोंदी तपासल्या, कागदांशी ताडून पाहिल्या, एका कागदावरची राख झटकली आणि सही केली. टॅग मिळाले.

टॅग वाटायच्या दिवशी बायनाबाई सगळ्यांत पुढं होती. आपले टॅग मोजून ओच्यात घेतल्यावरही ती हलेना.

"आन माजा कागद?"

"मावशी, आता ते आत हाय," मुंजाजी म्हणाला. "दोन्ही डिस्कांवर हाय. दिनकरराव सायेब फायलीत बी लावायलेत."

"असू दे की. तू गुनाचा हायस, मी काय न्हाई म्हनत न्हाई. पर गाडगं रिकामं ठिवत नसत्यात."

दिनकररावांनी काहीतरी नियम काढला. मुंजाजीनं आयुष्यात पहिल्यांदाच त्यांचं ऐकलं नाही. पोरींना बसवून फायलीसाठी हातानं नकला काढून घेतल्या, आणि दोनशे नऊ जणांचे गुलाबी कागद ज्याचे त्याला दोन्ही हातांनी परत दिले.

दिवाळीच्या आदल्या शनिवारी त्यानं पुन्हा बारा फ्लॉप्या भरल्या, डबा पिशवीत घातला आणि सेलूची गाडी धरली. चारठाण्याला पोचायला दुपार झाली. सुलामावशीचं दार उघडंच होतं. तिनं डबा घेतला, उतरंडीची गाडगी उतरवली आणि तिसऱ्यातला जुना डबा काढून त्याच्या हातात दिला. त्यावर धुळीचा कणही नव्हता.

"रोज पुसत व्हते," ती म्हणाली. तिनं चुलीकडं तोंड फिरवलं. "पंधरा शनवार झाले, लेकरा. मला वाटलं, मावशी म्हातारी झाली, आता हिच्याकडं काई ठिवू नये, असं वाटलं आसंल तुमाला."

मुंजाजी डबा मांडीवर घेऊन बसून राहिला. दहा दिवस तो दोनशे चौदा शेतकऱ्यांची माफी मागत हिंडला होता. दोनशे पंधरावी त्याच्या ध्यानातच आली नव्हती.

"न्हाई गं मावशी," तो म्हणाला. "चूक माजी झाली. पुन्यांदा व्हायची न्हाई."

आणि झाली नाही. चौऱ्याण्णवच्या संक्रांतीला नामांतर झालं. दुसऱ्या दिवशी शनिवार होता आणि गाड्यांचा भरवसा नव्हता, तेव्हा तो सेलूपासून कापसाच्या ट्रकमध्ये बसून गेला. पोचायला उशीर झाला. पिठलं दोनदा गरम केलेलं होतं, आणि सुलामावशी उतरंडीची वरची दोन गाडगी आधीच खाली उतरवून बसली होती.